एक पंचशीलभर आच

श्रावस्तीचा फोन आला तेव्हा मी भांडी विसळत होते आणि आई टेबलाशी बसून लसूण सोलत होती. श्रावस्ती म्हणजे माझी मुलगी. दोन वर्षं झाली, अमेरिकेत क्लीव्हलँडला शिकते. तिथल्या आपल्या लोकांनी चौदा ऑक्टोबरचा धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम ठरवला होता, आणि या बाईसाहेबांनी सगळ्यांसमोर कबूल करून टाकलं होतं की आजीची नानखटाई मी करून आणते. आयुष्यात हिने कधी कणीक मळली नाही.

"मम्मा, आजीला विचार ना, ओव्हन किती डिग्रीवर ठेवायचा? माझा फॅरनहाइटवाला आहे हां. तू सेल्सियस दे, मी कन्व्हर्ट करीन. बस, एक नंबर दे यार."

मी मान वळवून आईला विचारलं. आई लसणातून डोकं वर न काढता म्हणाली, "एक पंचशील."

"आई, ती डिग्री विचारतेय."

"मग तेच सांगतेय ना. एक पंचशील."

श्रावस्ती तिकडे खो खो हसली. मला काही हसू आलं नाही. सव्वीस वर्षं सरकारी फायली हाताळते आहे मी, मला आकडा लागतो. कुणी नोटिंगमध्ये 'लवकरच' लिहिलं तर मी फाइल परत पाठवते. ऑफिसात माझ्यामागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे. म्हणू देत.

हे एक पंचशील काय प्रकरण आहे ते आधी सांगते. आई, कौशल्याबाई, लग्न होऊन हिंगणघाटहून निघाली ती थेट दिल्लीच्या सरकारी क्वार्टरमध्ये उतरली. बाबा केंद्र सरकारात कारकून. शेजारी एक पंजाबी बाई होत्या, त्यांच्याकडे अॅल्युमिनियमचा गोल ओव्हन होता. झाकणाला काच, वरखाली कॉइल, एक वायर, बस. ना बटण, ना आकडे. प्लग लावला की तापतो, काढला की निवतो. त्यांची बदली झाली तेव्हा त्यांनी तो आईला देऊन टाकला आणि जाताना युक्ती शिकवली. चिमूटभर मैदा डबीच्या झाकणावर पसरून आत ठेवायचा. दोन मिनिटांत बदामी झाला तर ओव्हन तयार. काळपटला तर जास्त तापलाय, प्लग काढून थांबायचं. पांढराच राहिला तर अजून तापू द्यायचं.

आता दोन मिनिटं मोजणार कशी? घरातलं एकुलतं एक घड्याळ बाबांच्या मनगटावर बसून ऑफिसात जायचं. म्हणून आई मैदा आत ठेवायची, हात जोडायची आणि 'नमो तस्स'पासून सुरू करून त्रिशरण आणि पाचही शीलं म्हणायची. पाचवं संपलं की झाकण बाहेर. बाबांनी एका रविवारी समोर स्टूल टाकून पाच वेळा घड्याळ लावून पाहिलं. पाचही वेळा दोन मिनिटं दहा सेकंद. पुढे जन्मभर बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला हे ऐकवत राहिले.

त्या पाचांतल्या चौथ्याशी माझी जुनी ओळख आहे. चौथं म्हणजे मुसावादा, खोटं बोलणार नाही. आठ वर्षांची असताना मी डब्यातल्या सहा नानखटाया खाल्ल्या आणि मांजरावर ढकललं. आईने हात नाही उगारला. बुद्धाच्या तसबिरीसमोर उभं केलं आणि चौथं म्हणायला लावलं. मी पुटपुटले. आई म्हणाली, "नीट म्हण. पुन्हा." बाबा ऑफिसातून येईपर्यंत हेच चाललं होतं. त्यानंतर आईशी खोटं बोलायची माझी छाती झाली नाही, अगदी कॉलेजातसुद्धा.

आईच्या हातची नानखटाई म्हणजे आमच्या लोकांत आईचं नावच. वरून तडकलेली, खालून खरपूस, तोंडात टाकली की विरघळणारी. मयूर विहारला फ्लॅट घेतला, बाबा गेले, माझे यजमान बुद्धभूषण बदलीवर भोपाळला गेले, पण बुद्धविहारातल्या प्रत्येक कार्यक्रमाला आईचा डबा जायचा आणि रिकामा परत यायचा. या वर्षी बुद्धपौर्णिमेला मात्र तो अर्धा भरलेला परत आला. नानखटाया पांढऱ्याफटक होत्या, आत कच्च्या. बायकांनी एकेक उचलली आणि 'छान आहे हं' म्हणून कागदाच्या बशीत तशीच ठेवली. आईने ते पाहिलं. घरी आल्यावर डबा घासता घासता म्हणाली, "ओव्हन बिघडलाय."

त्यानंतर तिने ओव्हनला हात लावला नव्हता. श्रावस्तीच्या फोनने तिला पुन्हा हुरूप आला. "नातीला सांगायचंय म्हटल्यावर करून दाखवलंच पाहिजे," म्हणाली. मी ओव्हनमध्ये ठेवायचा थर्मामीटर मागवला. छोटी तबकडी, आतल्या गोलात सेल्सियस, बाहेरच्या गोलात फॅरनहाइट. नऊने गुणा, पाचाने भागा, बत्तीस मिळवा, हे मला शाळेपासून पाठ आहे. पंचशिलाचं सेल्सियस तेवढं करायचं होतं. आई मैदा तपासेल, 'हं, आता' म्हणेल, मी काटा वाचीन. झालं काम.

कसलं झालं. पहिल्या शनिवारी आईने चार वेळा मैदा जाळला. दर वेळी झाकण बाहेर काढायची, काळा मैदा बघायची, प्लग काढायची आणि थांबायची. शेवटी एकदाचा मैदा बदामी झाला, आई म्हणाली "हं, आता," आणि मी काटा पाहिला तर एकशे चाळीस. ट्रे आत गेला आणि अर्ध्या तासाने पांढऱ्याफटक टिकल्या बाहेर आल्या. पुढच्या शनिवारी एकशे अठ्ठावन्न. त्याच्या दुसऱ्या दिवशी एकशे पंचवीस.

"आई, एक काय ते ठरव. मी तिला कोणता नंबर देऊ?"

"नंबर तुला हवाय. मला कुठे हवाय?" आई म्हणाली. "माझं एक पंचशील तेच आहे. ओव्हन बिघडलाय म्हणून केव्हाची सांगतेय."

त्रिलोकपुरीहून मिस्त्री बोलावला. त्याने ओव्हन उलटा केला, सुलटा केला, वायर तपासली. "माताजी, कुछ नहीं है इसमें. पुराना माल है, टनाटन चल रहा है." आई हटून बसली, म्हणून त्याने खालची कॉइल नवी घातली. नवी कॉइल घालून केलेला घाणाही कच्चाच निघाला. आई म्हणाली, नवी कॉइल फार तापते, मैदा लगेच जळतो. एकाच ओव्हनमध्ये मैदा जळतोय आणि नानखटाई कच्ची राहतेय, हे माझ्या डोक्यात शिरेना. आठवडाभराची दगदग, त्यात सुट्टीचा दिवस वाया गेलेला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"नाचता येईना अंगण वाकडं," मी म्हणाले. "त्या ओव्हनचं काही बिघडलेलं नाही. तुलाच आता जमत नाही. पंचशील म्हणून कुठे आच मोजतात का? जग कुठल्या कुठे गेलं."

 आई चिडली की तिच्या तोंडी हिंगणघाट यायचं, 'काहून गं एवढी तापतेस' म्हणायची. त्या दिवशी तसं म्हणाली नाही. तिने धुतलेला ट्रे पुन्हा धुवायला घेतला. मी बघत राहिले आणि माघार घेतली नाही. माझा स्वभाव आहे हा, आणि त्याचं मला आता काही कौतुक उरलेलं नाही.

त्याच दिवशी सकाळी मी श्रावस्तीसाठी व्हिडिओ काढला होता. आई मैदा पसरतेय, आत ठेवतेय, हात जोडून म्हणतेय, असा सगळा. म्हटलं, बघू दे हिलाच, आजी काय ते. संध्याकाळी पाठवून दिला.

सोमवारी मेट्रोत बसले आणि तिचा मेसेज आला. 'मम्मा, आजीचा व्हिडिओ बघू नको. फक्त ऐक. इयरफोन लाव.' मला वाटलं, हिचं काहीतरी भलतंच. यमुना बँक स्टेशन सुटलं तशी मी इयरफोन लावले.

नमो तस्स तीनदा. बरोबर. त्रिशरण सुरू झालं. बुद्धं, धम्मं, संघं. दुतियम्पि बुद्धं. दुतियम्पि धम्मं. दुतियम्पि संघं. मग पुन्हा दुतियम्पि बुद्धं, दुसरी फेरी परत पहिल्यापासून. आवाज तोच, लय तीच, कुठे अडखळणं नाही. मग ततियम्पि. मग शीलं. पहिलं, दुसरं, तिसरं. तिसऱ्यानंतर आई जराशी थांबली आणि पुन्हा पहिलं म्हणाली. पहिलं, दुसरं, तिसरं. पुन्हा थांबली. पुन्हा पहिलं. असं तीनदा झालं आणि मग एकदम पाचवं. चौथं आलंच नाही. मग मी स्क्रीनकडे पाहिलं. हात जोडलेले, डोळे मिटलेले, चेहरा अगदी शांत. व्हिडिओच्या खाली वेळ दिसत होती, मैदा आत ठेवल्यापासून चार मिनिटं पाच सेकंद.

मैदा जळणार नाही तर काय होणार? चार मिनिटं आत राहिलेला मैदा जळतो, आईला वाटतं ओव्हन जास्त तापला, ती प्लग काढते, ओव्हन निवतो, नानखटाई कच्ची राहते. इतकं साधं होतं ते. आणि मी समोरच उभी होते. दर वेळी उभी होते. लहानपणापासून रोज कानावर पडतं म्हणून पंचशील मला ऐकूच येत नव्हतं, माझे डोळे काट्यावर होते. माझं उतरायचं राजीव चौक कधी आलं आणि कधी गेलं ते कळलं नाही. करोल बागला उतरले आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर बसून राहिले. मला भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त लाज वाटली. अंगण वाकडं म्हणाले होते मी तिला.

श्रावस्तीला फोन लावला. ती रडत होती. "मम्मा, आजीला सांगू नको ना," एवढंच म्हणाली.

शुगर तपासायची आहे असं सांगून आईला डॉक्टरांकडे नेलं. म्हणजे मुसावादाची सुरुवात तिथूनच झाली. डॉक्टरांनी तारीख विचारली, तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, शंभरातून सात सात वजा करायला लावले. आई हसत हसत उत्तरं देत होती, चुकीची. तिला बाहेर बसवून मी परत आत गेले तेव्हा डॉक्टर मला म्हणाल्या, स्मृतीच्या चाचणीत तीसपैकी सतरा. मला आकडा लागतो ना. मिळाला. हळूहळू वाढत जाईल म्हणाल्या, औषधाने वेग थोडा कमी होईल, आणि त्यांना घाबरवू नका, चुका दाखवत बसू नका.

घरी येताना रिक्षात आई म्हणाली, "शुगर ठीक आहे ना?" मी म्हणाले, "बिल्कुल ठीक आहे."

ऑक्टोबर लागला. सकाळी बाल्कनीत उभं राहिलं तर समोरची बिल्डिंगसुद्धा धुरकट दिसायला लागली होती. मी दहा दिवसांची रजा टाकली. आई ओव्हनकडे जात नव्हती, पण येताजाता त्याच्याकडे बघायची. एकदा मी स्वयंपाकघरात शिरले तर ती ओव्हनसमोर हात जोडून उभी होती, ओव्हन बंद, आत मैदा नाही काही नाही. ओठ हलत होते. मला पाहिल्यावर तिने हात खाली केले आणि फडक्याने ओव्हनची काच पुसायला लागली.

श्रावस्तीचा आकडा राहिलाच होता. बारा तारखेला दुपारी आई झोपली तेव्हा मी दार लोटून घेतलं आणि पीठ मळलं, तूप, पिठीसाखर, मैदा, बेसन, वेलची, आईच्याच मापाने. प्लग लावला. झाकणावर मैद्याची चिमूट पसरली आणि आत ठेवली. फोनवर घड्याळ लावलं, पण म्हणायचंही ठरवलं. नमो तस्सपासून सुरू केलं, आईची जुनी लय आठवत आठवत, कुठे घाई नाही, कुठे रेंगाळणं नाही. पाचवं संपलं तेव्हा फोनवर दोन मिनिटं बारा सेकंद झाले होते. झाकण बाहेर काढलं. मैदा बदामी झाला होता. काटा एकशे पंचाहत्तरवर होता.

नऊने गुणलं, पाचाने भागलं, बत्तीस मिळवले. तीनशे सत्तेचाळीस. श्रावस्तीला लिहिलं, 'साडेतीनशेवर ठेव. खालून खरपूस होऊ दे.' तिने विचारलं, 'खरपूस मतलब?' मी लिहिलं, 'कडक आणि लाल, पण जळलेली नाही.' एवढे शब्द लागले, आणि तरी ते खरपूस नव्हतंच.

माझा ट्रे बाहेर आला तेव्हा मी पाहतच राहिले. वरून तडकलेल्या, खालून लालसर. तंतोतंत आईच्या. एक मोडून खाल्ली आणि मला रडू फुटलं. ओव्हन ठणठणीत होता. इतक्या वर्षांत त्याचं काही म्हणता काही बिघडलं नव्हतं. आईला या दाखवल्या असत्या तर तिला दुसरं काही सांगायची गरज उरली नसती. म्हणून मी त्या गरम गरम डब्यात भरल्या, झाकण लावलं आणि डबा धान्याच्या पिंपामागे लपवला. पन्नाशी उलटलेली बाई मी, आणि नानखटाया लपवत होते.

आई उठली आणि दारातच थांबली. नाक वर करून तिने वास घेतला.

"नानखटाई भाजलीस?"

"नाही गं. खालच्या मजल्यावरचा वास आहे. वर्मांकडे काहीतरी चाललंय."

"मस्त भाजलीय," आई म्हणाली. "अगदी वेळेवर काढलीय त्यांनी." आणि मग ती माझ्या जवळ आली, अगदी जवळ, आणि हळू आवाजात विचारलं, "क्रांती, आपला ओव्हनच बिघडलाय ना गं?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत भीती होती. तिला काहीतरी कळत होतं, केव्हापासून कळत होतं कोण जाणे. त्या भीतीला उत्तर देणारं खरं माझ्याकडे होतं, तीसपैकी सतरा, आणि ते मला काही तिच्या पदरात टाकता येईना.

"हो आई. ओव्हनच बिघडलाय. मिस्त्रीला कळलं नाही. मी उगाच तुला बोलले."

"खरं सांगतेस?"

"खरं."

आईने श्वास सोडला. तिचे खांदे खाली आले. ओव्हनपाशी जाऊन तिने त्याच्या झाकणावर हात ठेवला, अजून कोमट असलेल्या, आणि काही क्षण तसाच ठेवला. मला वाटलं, आता हिला कळलं. पण ती एवढंच म्हणाली, "म्हातारा झाला बिचारा. त्याला आता त्रास देऊ नको."

मग तिने पदर सारखा केला आणि बाहेरच्या खोलीत गेली. संध्याकाळची वंदना करायची वेळ झाली होती. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली, खाली मांडी घालून बसली. मला म्हणाली, "ये, बस." कितीतरी दिवसांनी ती आनंदात होती. मी तिच्या शेजारी बसले.

आईने सुरुवात केली. त्रिशरण झालं, तीनऐवजी चार वेळा झालं, मी मध्ये बोलले नाही. पहिलं शील, दुसरं, तिसरं. तिसऱ्यानंतर ती थांबली. या वेळी ती पुन्हा पहिल्यावर गेली नाही. डोळे उघडून माझ्याकडे बघितलं, लाजल्यागत.

"चौथं काय गं? आत्ता ओठांवर होतं."

 पिंपामागचा डबा, रिक्षातली शुगर, वर्मांचा ओव्हन, सगळं एकदम आठवलं.

"मुसावादा," मी म्हणाले. "मुसावादा वेरमणी सिक्खापदं समादियामि."

शब्द पुटपुटल्यासारखे निघाले. आईने कान माझ्याकडे केला.

"नीट म्हण," आई म्हणाली. "पुन्हा."

मी पुन्हा म्हटलं.